उभी रेघ

दुकानात खुर्ची एकच होती आणि ती गिऱ्हाइकाची. उभेकाका तिच्यावर बसल्याचं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने. जेवण उभ्याने, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून. फोनवर बोलणंही उभ्याने, तेसुद्धा एका जागी नाही. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत.

उभे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते गल्लीने दिलं होतं. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हाने इतकी विटली होती की ते वाचायला कुणी थांबत नसे.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. साहित्यात एम.ए. केलं होतं आणि मुद्रितं तपासण्याचं काम घरी आणत होते. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"घरी बसून मुद्रितं तपासते."

"बसून? मग संपलंच."

मला वाटलं, चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती.

"आपल्या भाषेत बसणं चांगलं नाही," ते म्हणाले. "घसा बसतो. गाल बसतात. धंदा बसतो. शाई बसते. माणूस मटकन बसतो, तोही वाईट बातमी ऐकूनच."

"पण काका, घडी बसते. जम बसतो. विश्वास बसतो."

"तू पुस्तकातलं बोलतेस, वाङ्मय."

तेव्हापासून माझं नाव वाङ्मय पडलं. "काय वाङ्मय, चहा?" अशी जिन्याखालून हाक यायची आणि मी मुद्रितं घेऊन खाली जायचे. खुर्ची मला मिळायची. आमची मैत्री अशी झाली. मी बसलेली, ते उभे.

काका काळे-पांढरे फोटो छापायचे. फक्त काळे-पांढरे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात कागद हलवत छापायचे. ते कागद मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी प्रिंटर घेतला. प्रिंटर मूळचा रंगीत. काकांनी त्यातले सगळे रंग काढून टाकले आणि प्रत्येक खणात काळ्याचीच एकेक छटा भरली. या छटांना त्यांनी नावं ठेवली होती. कोळसा. शिसं. राख. धूर. सगळ्यात फिकी ती धुकं.

"चेहरा कोळशाने होत नाही," ते म्हणायचे. "कोळसा कुणालाही जमतो. चेहरा धुक्याने होतो."

धुकं पांढऱ्या कागदावर दिसतच नसे. कागद तिरका धरून खिडकीपाशी नेला तर कळायचं, इथे काहीतरी आहे.

या शाईत रंगाची भुकटी असते. ती तळाशी जाते. ज्या छिद्रांतून शाई कागदावर उडते ती केसाहून बारीक. यंत्र पडून राहिलं की छिद्राच्या तोंडाशी आलेला थेंब सुकतो, आणि सुकलेला थेंब त्याच छिद्राचं बूच होतो. मग फोटोत त्या जागी शाई पडत नाही. पांढरी रेघ उमटते. चेहऱ्याच्या आरपार, आडवी, कारण ही छिद्रं ज्यात असतात ते यंत्राचं हेड कागदावरून आडवंच धावतं.

"शाई बसली की गिऱ्हाईक उठतं," हे काकांचं वाक्य. ते दिवसातून एकदा तरी यायचं.

त्यांची सगळी सकाळ शाईला बसू न देण्यात जायची. बाटल्या हातात घेऊन हळूहळू कलत्या करायच्या, बाळाला झुलवावं तसं. खळखळ हलवायच्या नाहीत. फेस होतो, हवा शिरते. यंत्राशेजारी पाण्याची पसरट वाटी, हवा कोरडी पडू नये म्हणून. यंत्रावर धुतलेलं सुती कापड, धूळ बसू नये म्हणून. आणि भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी. त्या बटणाला हात लावायचा नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"त्याला त्याच्या हाताने झोपू द्यायचं. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर ते हेड नेऊन रबराच्या टोपीवर ठेवतं. तोंड झाकलं जातं. भिंतीवरून बंद केलंस तर बिचारं वाटेतच थांबतं, तोंड उघडं टाकून. तू झोपशील का तशी?"

"मी झोपते तशी."

"म्हणून तुझा घसा बसतो."

शेवटी रोज एक फोटो छापायचा. काम असो नसो. सगळी छिद्रं चालती राहावीत म्हणून. फोटो असा हवा की त्यात कोळशापासून धुक्यापर्यंत सगळं यावं. काकांनी त्यासाठी एक फोटो निवडला होता आणि वर्षानुवर्षं तोच छापत होते. एक बाई काळ्या दारापुढे उभी आहे. केस दाट. चेहऱ्यावर डावीकडून उजेड. कपाळ मोठं, मोकळं, चकचकीत. डोळे असे की आता ओरडेल नाहीतर हसेल.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते कागद तिरका धरून बघत होते.

"कोण आहे?"

"आक्का. माझी बहीण. कपाळ बघ. अख्खं कपाळ धुक्याचं आहे. त्यावर रेघ नाही म्हणजे सगळं चालू आहे."

मग त्यांनी तो फोटो ढिगावर टाकला.

टेबलाखाली, कपाटावर, दाराच्या मागे, सगळीकडे आक्का होती. रोजची एक. टेबलाचा एक पाय लंगडा होता, त्याखाली घडी घातलेली आक्का होती. चहाच्या कपाखाली आक्का. गिऱ्हाइकाचे फोटो आक्कात गुंडाळून दिले जायचे. मी माझ्या शंका लिहायला कागद मागितला तर त्यांनी एक आक्का उलटी करून दिली. त्या महिन्यातली माझी सगळी ऱ्हस्व-दीर्घं आक्काच्या पाठीवर आहेत.

"तुम्ही त्यांना एखादा पाठवला का यातला?"

"हे काय पाठवायचे? हे चाचणीचे."

"भेटता कधी?"

"जायचंय," काका म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन आले.

आक्का दुसऱ्या गावी लेकीकडे राहायची. सकाळी बसमध्ये बसलं की दुपारी पोहोचता येईल इतकंच अंतर. पण काका गेले नव्हते. आधी अंधाऱ्या खोलीतली रसायनं खराब व्हायची म्हणून. मग प्रिंटर सुकेल म्हणून. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "एकदा उभा राहिलो होतो. जमलं नाही." आईविना वाढलेल्या या भावाला आक्काने लहानाचं मोठं केलं, हे मला त्यांनी एकदा पाठमोरं असताना सांगितलं होतं. तेवढंच.

मग भाचीचा फोन आला.

काकांचा फोन जुना. त्यातलं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

"मामा, आईचा फोटो पाठवलाय. आजच काढला, खिडकीपाशी. तिला तुझ्या हातचा हवाय. मोठा."

"कशाला?"

पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज आला. मग एक बारीक, ठणठणीत आवाज.

"भिंतीवर लावायला. मी गेल्यावर तुमची फोटोसाठी पळापळ नको. आधीच टांगून ठेवते."

"आक्का, काहीतरीच बोलू नकोस."

"मग ये आणि अडव. फोटो घेऊन तूच ये. पोस्टाने पाठवलास तर परत पाठवीन. आणि येशील तेव्हा जरा बस माझ्यापाशी. समजलं?"

"आणतो," काका म्हणाले. फोन ठेवला आणि खोलीत तीन-चार चकरा मारल्या.

मग भाची परत बोलायला आली ती दुसऱ्या दिवशी, माझ्या फोनवर. नंबर काकांनीच कधीतरी दिलेला होता. ती म्हणाली, "तुम्ही त्याला ढकला. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. आईला माहीत आहे. मामालाही सांगितलंय. तो ऐकतो आणि विषय शाईवर नेतो."

म्हणजे काकांना माहीत होतं. मी खाली गेले तेव्हा ते बाटल्या झुलवत होते.

नवा फोटो त्यांनी लगेच छापायला घेतला. फोटो आला तो रंगीत. त्यांनी रंग पाहिलेसुद्धा नाहीत. आल्या आल्या काढून टाकले. मी म्हटलं, आधी स्क्रीनवर नीट बघू या.

"स्क्रीन खोटं बोलते. तिच्यात उजेड पाठीमागून येतो. कागद बोलेल ते खरं."

शिवाय त्यांची स्क्रीन इतकी मंद होती की तिच्यात सगळ्यांचीच कपाळं सारखी दिसायची.

कागद बाहेर आला. म्हातारी आक्का. केस पांढरे, विरळ. गाल बसलेले. डोळे तेच. खिडकीचा उजेड नेमका कपाळावर. आणि कपाळावर, भुवईच्या वर, एक पांढरी रेघ. आडवी. सरळ.

काकांनी कागद खिडकीपाशी नेला. तिरका केला. परत सरळ केला.

"धुकं बसलं," ते म्हणाले.

त्या क्षणापासून त्यांना चैन म्हणून पडली नाही.

त्यांनी हेड साफ करण्याचा हुकूम दिला. यंत्र घरघरलं, गुरगुरलं. परत छापलं. रेघ तिथेच. चाचणीचं पान काढलं, ज्यात प्रत्येक छिद्र एकेक बारीक रेघ मारतं. कोळशाच्या रेघा पूर्ण. राखेच्या पूर्ण. धुराच्या पूर्ण. धुक्याच्या काकांना दिसेनात.

"मला दिसताहेत," मी म्हटलं. "सगळ्या आहेत."

"तुला कसं कळणार? तू काळ्या अक्षरांतली."

"काका, खरंच आहेत."

"मग कपाळावर काय आहे?"

मग मीच त्यांना विचारलं, "छिद्र बंद असेल तर रेघ एकच कशी? गालावर का नाही? हनुवटीवर?"

ते थांबले. मग म्हणाले, "गालावर धूर आहे, राख आहे. ते झाकून घेतात. कपाळावर नुसतं धुकं. उघडं पडतं ते कपाळच." हे त्यांनी स्वतःलाही पटवलं. ऐकायला खरं वाटत होतं. मलाही पटलं.

पुढचे दिवस मी वरून ऐकत राहिले. खाली यंत्र खाकरायचं. थांबायचं. परत खाकरायचं. मुद्रितात माझं लक्ष लागेना. एक ओळ चारदा वाचायची आणि चारदा चुकीची सोडायची. जिना उतरून गेले की काका कधी टोपीचं रबर ओल्या चिंध्यांनी पुसत असायचे, कधी वाटीत पाणी भरत असायचे, कधी नुसतेच यंत्राभोवती फिरत असायचे. साफ करताना शाई वाया जाते. ती आतल्या स्पंजात जाऊन पडते. स्पंजही भरत आला होता.

"खाकरून खाकरूनच घसा बसतो, असं तुम्हीच म्हणता," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"मग काय, मला राहवत नाही."

ढिगावर आता दोन आक्का होत्या. नवी, रेघेची, आणि जुनी, रेघ नसलेली. हो, जुना फोटो ते अजूनही रोज छापत होते आणि त्यावर रेघ येत नव्हती. हे मी दाखवलं तर म्हणाले, "त्या फोटोचं कपाळ जाड छापलं जातं. जुनी सवय आहे यंत्राला." माणूस स्वतःच्या बाजूने किती शोधून काढतो, हे मी पाहत होते.

भाचीचा फोन येतच होता.

"मामा, फोटो राहू दे. तू ये."

"रेघ घेऊन येऊ? आक्काच्या कपाळावर?"

"मामा, तुझा प्रिंटर आणि माझी आई, दोघांकडे रोज बघावं लागतं. फरक एवढाच की आईकडे मी बघते."

हे त्यांना लागलं. त्यांनी पिशवी भरली. मला किल्ली दिली, वाटी दाखवली, बटण दाखवलं, चिकटपट्टी दाखवली. मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. ते बसमध्ये चढले. सीट होती तरी दांडा धरून उभे राहिले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि काका उतरले.

"काय झालं?"

"हेड टोपीवर गेलं का ते पाहिलं नाही."

"गेलं होतं. मी पाहिलं."

"तू मुद्रितं तपासतेस, हेड नाही."

बस निघून गेली. आम्ही चालत परत आलो. मी चिडले होते, म्हणून विचारलं. एरवी विचारलं नसतं.

"तुम्हाला जायचंच नाही ना?"

ते माझ्यापुढे चालत होते, मग मागे राहिले, मग परत पुढे.

"लहानपणी मला ताप आला होता," ते म्हणाले. "मोठा ताप. आक्का माझ्या उशाशी बसून होती. हललीच नाही. मी डोळे उघडले की ती तिथेच. तेव्हा मला कळलं, आपलं काही खरं नाही. नाहीतर आक्का अशी बसली नसती." मग म्हणाले, "माणूस माणसापाशी असा कधी बसतो, वाङ्मय? मी तिच्यापाशी बसलो म्हणजे मी कबूल केलं."

बोलण्यासारखं मला पुस्तकातही काही सापडलं नसतं.

दुकानात शिरताच त्यांनी कापड उचललं. हेड टोपीवर होतं.

त्यानंतर त्यांनी ठरवलं, हेड बाहेर काढून भिजवायचं. त्यात हेड कायमचं जाण्याची भीती असते, हे तेच सांगायचे. आता तेच उपसायला निघाले. त्यासाठी शुद्ध पाणी हवं होतं. ते औषधाच्या दुकानात पाणी आणायला गेले. जाताना म्हणाले, "तोवर एक शेवटचा काढून ठेव. भिजवण्याआधीचा. नंतरच्याशी ताडून बघता येईल."

मोठा कागद संपला होता. सगळा आक्कावर गेला होता. उरला होता तो लहान कागद. मी तो घातला, फोटो उघडला आणि छापायचा हुकूम दिला. लहान कागदावर मोठा फोटो कसा बसवायचा ते मला माहीत नव्हतं. यंत्रानेच त्याच्या अकलेने काहीतरी केलं. फोटो फिरवला. कागद बाहेर यायला लागला तर आक्का आडवी. उशीवर डोकं टेकल्यासारखी, कुशीवर निजल्यासारखी.

मी तो फुकट गेला म्हणून बाजूला ठेवला. दुसरा घालणार, तेवढ्यात काका आले.

"काय केलंस हे?"

"आडवा आला. परत काढते."

त्यांनी कागद उचलला. उचलला आणि तसाच धरला. आधी मला वाटलं, ते मला रागावणार आहेत. ते कागदाकडे बघत होते. खिडकीपाशी गेले नाहीत. तिरका केला नाही.

"वाङ्मय. हेड कसं धावतं?"

"आडवं. तुम्हीच सांगितलंय."

"मग ही रेघ कशी?"

मी पाहिलं. आक्का आडवी होती. आणि कपाळावरची रेघ उभी होती. कागदावर वरून खाली. ती चेहऱ्याबरोबर फिरली होती.

मला समजायला वेळ लागला. छिद्र बंद असेल तर रेघ कागदावर आडवीच पडणार. फोटो कसाही फिरवा, यंत्राची रेघ फिरत नाही. ही फिरली. म्हणजे ती यंत्राची नव्हतीच. ती आक्काची होती.

रेघ उभी होती आणि उभेकाका बसले. मटकन. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. खुर्ची कुरकुरली. मी तिच्यात रोज बसायचे, माझ्याखाली ती कधी कुरकुरली नव्हती.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बसलेले ते फार लहान दिसत होते.

फोन त्यांनीच लावला.

"आक्काच्या कपाळाला काय झालं?"

भाचीने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"काय झालं ते सांग."

"पडली होती, मामा. बेसिनच्या कडेवर कपाळ आपटलं. टाके पडले. आता भरलंय सगळं. खूण तेवढी राहिली. ती तर सुरकुत्यांत कुणाला दिसतही नाही."

"मला नाही सांगितलं."

"आईनेच सांगू दिलं नाही. म्हणाली, त्याला कळलं तर तो धावत येईल, आणि उभ्या उभ्या बघून परत जाईल. त्यापेक्षा नकोच."

काकांच्या हातात आडवी आक्का होती. त्यांनी तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला. शाई सुकली नव्हती. छापल्या छापल्या हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. अंगठ्याला धुकं लागलं असेल. दिसलं नाही.

पलीकडे आवाज झाला. "दे इकडे." मग ठणठणीत आवाज, पण मधेच श्वास घेणारा.

"फोटो झाला का रे? का मी जायची वाट बघतोयस?"

"झालाय."

"मग एवढे दिवस काय करत होतास?"

"तुझी खोक पुसत होतो."

"काय?"

"काही नाही. तुझ्या कपाळावर एक रेघ आहे. मला वाटलं, प्रिंटरची."

मग आक्का हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. "पुसली गेली का मग?"

"नाही."

"जाईल कशी? डॉक्टरच्या हातूनही गेली नाही. आणि हे बघ, ती काढू नकोस फोटोतून. मी कमावलीय ती." मग आवाज बदलला. "कधी येतोस?"

"निघतो," काका म्हणाले. ते म्हणताना ते बसलेलेच होते.

मोठा कागद मी पळत जाऊन आणला. त्यांनी फोटो छापला. रेघ ठेवली. एवढंच नाही, ती नीट दिसावी म्हणून आजूबाजूला धूर जरासा वाढवला. मग आक्कात आक्का गुंडाळली. जुनीत नवी. पिशवी उचलली.

या वेळी त्यांनी मला काही दाखवलं नाही. दारात थांबून म्हणाले, "रोज एक काढ."

"काढीन. आणि काका, बसमध्ये बसा."

"बघतो."

मी रोज एक काढत होते. बाटल्या झुलवायचे. वाटी भरायचे. भिंतीवरच्या बटणाकडे बघतही नसे. आक्का रोज बाहेर यायची, दाट केसांची, मोकळ्या कपाळाची. आता मी कपाळ बघत नव्हते. डोळे बघत होते. ढिगावर टाकायला हात धजत नव्हता, म्हणून मी त्या सगळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. दुकानात जाणं अवघड होऊन बसलं. कुठेही उभं राहिलं तरी ती बघायची.

मला फोनची धास्ती होती. वाजला की जिवाचं पाणी व्हायचं. वाजला नाही तरी व्हायचं.

मग एका सकाळी फोटो बाहेर आला आणि आक्काच्या मोकळ्या कपाळावर रेघा होत्या. एक नाही. बारीक, सारख्या अंतरावर, वहीच्या पानावर असतात तशा. मी फोटो फिरवून परत छापला. आक्का आडवी आली. रेघा मात्र कागदावर आडव्याच राहिल्या. फिरल्या नाहीत. या वेळी खरंच धुकं बसलं होतं.

मी साफ करण्याचा हुकूम दिला. यंत्र खाकरलं. रेघा कमी झाल्या नाहीत, दोन वाढल्या. मी फोन लावला. पलीकडे खूप वेळ वाजला.

"काका."

"हळू बोल." ते कुजबुजत होते. मी त्यांना कुजबुजताना कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं? आक्का कशा आहेत?"

"झोपलीय. आत्ताच डोळा लागला. माझ्या दंडावर डोकं आहे. हात मरून गेलाय माझा, पण हलवला की जागी होते. आणि जागी झाली की शिव्या देते."

"फोटो?"

"टांगलाय. समोरच. म्हणते, मी यात बरी दिसते, प्रत्यक्षातच बिघडलेय." ते थांबले. "का फोन केलास?"

मी प्रिंटरकडे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या सगळ्या आक्कांकडे पाहिलं.

"काका, धुकं बसलंय. मी एकदा साफ केलं, तर वाढलं. काय करू? परत करू? हेड जाईल का?"

पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. जड, अडखळत, तरी चालू. काकांचा नव्हता.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "त्याच्या बटणाने बंद कर. वर कापड टाक."

"आणि शाई?"

"बसू दे."

मग कापड सरकल्यासारखा आवाज आला, आणि ती बारीक, झोपेतली आवाजाची रेघ.

"कोण आहे रे? हलू नकोस म्हटलं ना."

"नाही हलत," काका म्हणाले. फोन बंद करायला त्यांचा हात मोकळा नसावा. तो बराच वेळ चालूच राहिला. मी ऐकत होते. खोलीत कुणी चालत नव्हतं.